सातवा गोल

सात लिहायला उचललेला खडू काकांनी फळ्याजवळ नेला, क्षणभर थांबवला आणि सहा लिहिले. मग दोन पावले मागे सरून मान तिरकी करून पाहिले. अक्षर नेहमीसारखेच आले होते, मोत्याच्या दाण्यासारखे. चौथा सामना. आपले कॉलेज शून्य, समोरचे सहा.

एका गोलाने कुणाचे काय बिघडणार होते?

कॉलेजच्या फाटकाशी असलेला हा फळा गेली सव्वीस वर्षे काकांच्या ताब्यात होता. तसे ते ग्रंथालयातले मदतनीस. पुस्तके काढून द्यायची, परत आलेली जागेवर लावायची, फाटलेल्यांना डिंक लावून पुठ्ठा चिकटवायचा. पण अक्षर चांगले म्हणून दर सोमवारी फळा लिहायचे काम कधीतरी त्यांच्या गळ्यात पडले आणि तिथेच राहिले. परीक्षेच्या तारखा, सापडलेल्या छत्र्या आणि यंदापासून मुलींच्या फुटबॉल संघाचा निकाल. संघ यंदाच उभा राहिला होता. उभा राहिला म्हणायचे आपले. दर रविवारी आडवाच होत होता.

निकाल सांगायला गोलरक्षक मुलगी यायची. कप्तानही तीच. तिला सगळे ‘भिंत’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

“काका, शून्य–सात,” तिने सकाळीच येऊन सांगितले होते. कोपराला पट्टी होती, खालचा ओठ फुटला होता.

“सात?”

“सात. भिंतीला खिडक्या फार झाल्यात, असं मागच्या बाकांवरची पोरं म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातला एक तरी उभा राहतो का जाळ्यापुढे? लिहा तुम्ही.”

तो फुटलेला ओठ काकांच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून सहा. दुपारी ग्रंथालयाच्या खिडकीतून त्यांना ती फळ्यापाशी थांबलेली दिसली. थोडा वेळ पाहत राहिली आणि निघून गेली. काकांना हायसे वाटले.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी त्यांना खोलीत बोलावून घेतले.

“काका, फाटकातून आत येणारा माणूस पहिल्यांदा काय वाचतो?”

“फळा, सर.”

“आणि फळ्यावर काय असतं? शून्य–नऊ. शून्य–चार. शून्य–सहा. प्रवेशाचे दिवस जवळ आलेत, पालक येतात. आपणच आपली धिंड काढायची का? मुलींनाही बरं वाटत नसेल. जिंकल्या की लिहा, अगदी रंगीत खडूने लिहा. हरल्या की ती जागा कोरी ठेवा.”

“बरं, सर.”

“आणि तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद इथेच आहे हं टेबलावर. मी विसरलेलो नाही.”

“बरं, सर,” काका पुन्हा म्हणाले.

पुढच्या सोमवारी भिंत फळ्यापुढे येऊन उभी राहिली. छत्र्यांच्या यादीखालची जागा स्वच्छ पुसलेली होती.

“आमचं कुठंय, काका?”

“जिंकलात की लिहायचं, असं वरून सांगितलंय.”

“म्हणजे काल आम्ही खेळलोच नाही?”

काकांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

“शून्य–पाच झालं,” ती म्हणाली. “मी सांगायचं काम केलं. लिहा, नाहीतर नका लिहू.”

सहाव्या आणि सातव्या सामन्यानंतरही ती आली. मान ताठ ठेवून आकडा सांगायची आणि वर्गाकडे चालू लागायची. काका तो आकडा ग्रंथालयाच्या जुन्या कार्डाच्या पाठीमागे टिपून खिशात ठेवत. पहिले चार त्यांनी स्वतःच आठवून वर लिहिले होते, फळ्यावर होते तसेच.

कार्ड बायकोला सापडले, सदरा धुवायला टाकताना.

“या वयात कुणाची पत्रं जपताय?”

“निकाल आहेत. पोरींच्या सामन्यांचे.”

“मग खिशात कशाला? फळा काय वाळत घातलाय?”

काकांनी सगळे सांगितले. ती सदऱ्याची कॉलर घासत ऐकत होती.

“आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात.”

“म्हणालो.”

“लग्नालासुद्धा ‘बरं’च म्हणाला होतात. मला पाहिलंही नव्हतं धड.” तिने सदरा पिळला. “एकदा ‘नाही’ म्हणून बघा. दात पडत नाहीत.”

आठवा सामना शेवटचा होता. त्या रविवारी काका पहिल्यांदाच मैदानावर गेले. आजवर रविवार म्हणजे खिडकीजवळची खुर्ची आणि पुस्तक. इथे कशाला आलात असे कुणी विचारील, या धास्तीने ते पायऱ्यांच्या टोकाला बसले. अकरा मुली रांगेत उभ्या होत्या. समोरचा संघ मात्र आला नव्हता. त्यांच्यातल्या निम्म्या मुली तापाने आजारी असल्याचा निरोप आला. पंचांनी अर्धा तास घड्याळ पाहिले, कागदावर काहीतरी लिहिले आणि शिट्टी वाजवली.

“पाहुणा संघ गैरहजर. नियमाप्रमाणे तुम्ही तीन–शून्यने जिंकलात. जा आता घरी.”

कुणी टाळी वाजवली नाही. भिंत हातमोजे काढायला लागली होती. थांबून तिने ते पुन्हा चढवले आणि ती जाळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मैदान अजून तासभर आपलं आहे,” ती ओरडली. “चला, फोडा भिंत!”

मुली एकेक करून चेंडू मारू लागल्या. भिंत सबंध अंग फेकत होती. काही चेंडू अडले, बाकीचे गेले. गोल म्हणजे काय हे काकांनी तेव्हा पाहिले. चेंडू आत गेला की बाकीच्या पाठ फिरवून परतत. ही मात्र कोपर झटकत उठे, जाळ्यात शिरे आणि वाकून चेंडू बाहेर काढी. दर वेळी वाकायचे तिलाच होते. काका नकळत मोजू लागले. सातव्यांदा ती वाकली, तेव्हा ते पायरीवरून उठले आणि घरी गेले.

सोमवारी फाटकाशी प्राचार्य स्वतः उभे होते, हातात रंगीत खडूंची नवी पेटी.

“लिहा, काका! मोठ्या अक्षरात. दणदणीत विजय, तीन–शून्य!”

मुलीही आल्या होत्या. भिंत पुढे झाली.

“सर, खेळलो ते लिहायचं नाही, आणि खेळलो नाही ते रंगवून लिहायचं?”

“नियमाने जिंकलात, बाई. रडगाणं कसलं गातेस? काका, लिहा तुम्ही.”

काकांनी पेटीतून लाल खडू घेतला. फळा वरपासून खालपर्यंत पुसून काढला. परीक्षेच्या तारखा गेल्या, छत्र्या गेल्या. मग खिशातले कार्ड काढून डाव्या तळहातावर धरले आणि लिहिले: पहिला सामना, शून्य–नऊ. हिरवा खडू घेतला: दुसरा सामना, शून्य–चार. प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तिसऱ्या ओळीपर्यंत तसेच राहिले होते, कुणीतरी उचलून न्यायला विसरल्यासारखे. सातही सामने लिहून झाले. शेवटी साध्या पांढऱ्या खडूने: आठवा सामना, झाला नाही.

“हे काय, काका?”

“निकाल, सर.”

“पुसा ते.”

टेबलावरचा तो कागद काकांच्या डोळ्यांपुढून गेला.

“नाही,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावे लागले. “नाही, सर. पुसायचं तर तुम्ही पुसा.”

त्यांनी डस्टर पुढे केले. पुढे केले म्हणून प्राचार्यांनी ते घेतले. तोवर फाटकात गर्दी जमली होती. मागून कुणीतरी मोठ्याने वाचू लागले. पहिला, शून्य–नऊ; दुसरा, शून्य–चार. कुणी हसले नाही. मागच्या बाकांवरची पोरेसुद्धा नाहीत.

गर्दीतून वाट काढत भिंत फळ्याशी आली. तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवले.

“काका, इथं चुकलंय.”

“कुठे?”

“सहा नाही, सात. त्याच दिवशी सांगणार होते. मग वाटलं, असू दे, तेवढंच तुम्हाला बरं वाटत असेल.”

काकांनी तिच्याकडे पाहिले. तिचा ओठ भरून आला होता; एक बारीकशी रेघ तेवढी उरली होती.

त्यांनी अंगठ्याने सहा पुसले आणि हात न थांबवता सात लिहिले.