सासऱ्यांची चूक

"मला माझी चूक बघायला जायचंय," सासरे म्हणाले तेव्हा मी चहा गाळत होते. ऐंशी वर्षांत माणसाच्या चुका काय थोड्या होतात? त्यांना मात्र एकच आठवत होती, आणि ती होती समुद्रातल्या किल्ल्यात, देवीच्या देवळाच्या दारात.

सासरे गवंडी. पन्नास वर्षांपूर्वी ते त्या देवळाच्या दुरुस्तीला होते. दारातली पायरी गुडघ्याएवढी उंच. सासूबाईंचा एक पाय अधू. रोज डबा घेऊन यायच्या आणि बाहेरूनच हात जोडून परतायच्या. शेवटी सासऱ्यांनी त्यांचं पाऊल किती उचलतं ते सुतळीने मोजलं आणि कुणाला न विचारता खाली एक अर्धी पायरी बसवली. सासूबाई पहिल्यांदा देवीपुढे उभ्या राहिल्या. कामावरचे साहेब भडकले.

"मापात चूक झाली, साहेब," सासऱ्यांनी साळसूदपणे सांगितलं.

"उद्याच उखडतो," साहेब म्हणाले, आणि सासऱ्यांना कामावरून काढलं. मग पोटामागे गाव सुटलं. पायरी राहिली की गेली, ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या जाऊन आता वर्ष झालं.

होडीतून उतरून सासऱ्यांना किल्ल्यातला चढ चढवताना माझ्या नाकी नऊ आले.

"बाबा, बसा जरा."

"बसलो तर उचलणार कोण? तू?"

गुडघे थकले, तोंड नाही! पण देऊळ दिसलं तसे ते थबकले. "तू बघून ये. नसली तर मला तिथे नेऊ नकोस. इथूनच फिरू."

दारात गर्दी होती, पायांपलीकडे काही दिसेना. एवढ्यात एक गरोदर बाई कमरेवर हात ठेवून दोन दमांत वर गेली. तिच्या पायाखालचा बुटका दगड मधोमध झिजला होता. माझा जीव भांड्यात पडला.

"जुनी आहे ही पायरी," दारातला म्हातारा रखवालदार म्हणाला. "पहार घेऊन आले होते उखडायला. गावातल्या बायका तिच्यावर बसून राहिल्या, उठल्याच नाहीत. माझी आई होती त्यांच्यात. बसवली कुणी कोण जाणे, पण भलं होवो त्याचं."

देवीच्या आधी मी त्या बायकांना हात जोडले.

सासऱ्यांना आणलं. किती तरी वेळ ते पायरीकडे बघत राहिले. मग माझा हात धरून त्यांनी पाय उचलला. आता त्यांचं पाऊलही सासूबाईंच्या त्या सुतळीएवढंच उचलत होतं. ते बरोबर दगडावर टेकलं.

डोळे पुसत ते म्हणाले, "माप चुकलं नव्हतं गं."