पहिली मूठ

मी एक जुनी चाळणी आहे. पितळी जाळीची, लाकडी कडेची. आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझ्या मनात राग आहे.

एका छोट्या कारखान्यात नाकतोडे भाजून, कुटून त्यांची पूड करतात. अंगात ताकद येते म्हणून लोक ती आवडीने खातात. पण नाकतोड्याच्या पायांना काटे असतात. ते पचत नाहीत, आतड्यात अडकून बसतात. ते काटे अडवणं हे माझं काम. तिथं पूड चाळणाऱ्या मावशीच्या हातात बारा वर्षं मी ते चोख केलं. मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "कोळंबी सोसते ना तुम्हाला? नसेल तर हेही खाऊ नका. अंगावर गांधी उठतील, श्वास कोंडेल."

मग कारखान्याच्या मालकाने कुटायचं नवं यंत्र आणलं आणि आता चाळायची गरज नाही म्हणाला. मावशी म्हणाली, "मालक, चाळल्याशिवाय विकू नका."

"पाय पोटात जाऊन काय चालायला लागणार आहेत?" मालक हसला. त्याने मावशीला घरी बसवलं आणि माझ्यातून बांधकामाची वाळू चाळली. एका खड्याने माझी जाळी फाटली. मेल्याने पाहिलंसुद्धा नाही!

माल विकायला काढण्याआधी व्यापाऱ्यांसमोर तोरा मिरवायला त्याने चार दिवस ती जाडीभरडी पूड मुठीमुठीने खाल्ली. पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मालक कळवळून गडाबडा लोळत होता. डॉक्टर म्हणाले, "आतडं तुंबलंय. आणखी उशीर झाला असता तर पोट फाडावं लागलं असतं. चाळायला काय झालं होतं?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

आठवड्याने मालक काठी टेकत मावशीच्या दारात गेला. मावशी म्हणाली, "येते. पण रोज पहिली मूठ तुम्ही खायची, माझ्यासमोर. मगच माल बाहेर जाईल."

तिने तारेने माझी जाळी सांधली. एक भोक मात्र मुद्दाम ठेवलं, नाकतोड्याचा जेमतेम एक पाय जाईल एवढं. मित्रांनो, आपल्या कामाच्या वस्तूंना जपा. आम्ही काही विसरत नाही.

रोज सकाळी मालकाची पहिली मूठ चाळून झाली, की मावशी त्या भोकावर अंगठा दाबून धरते आणि लोकांसाठीची पूड चाळायला घेते.