अडतीस हजर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, तेव्हा लगेच हळवे होऊ नका. शाळेत गेला तो माझा जुळा भाऊ. एकाच सुताराने एकाच लाकडातून आम्हाला कापले आणि एकाच डब्यातला काळा रंग दोघांना दिला. मग एक गाडी शाळेकडे गेली आणि दुसरी पोलीस ठाण्याकडे. भावाच्या अंगावर कोणी ‘सात आठे चोपन्न’ लिहिले, तर चाळीस पोरे एका सुरात ओरडतात. माझ्या अंगावर अकरा वर्षे खोटे लिहिले गेले आणि शिकलीसवरलेली माणसे ते वाचून मान डोलावत राहिली. त्या सगळ्यांना मी मनापासून तुच्छ मानतो. आधीच सांगून टाकलेले बरे.

माझी जागा मोक्याची होती. दारातून आत आले की समोरच्या भिंतीवर मी. माझ्या खाली ठाणे अंमलदाराचे टेबल, म्हणजे लोकांची तक्रार जिथे पहिल्यांदा ऐकून घेतात ते. टेबलावर फोन. डाव्या हाताला कोठडीचे गज, उजव्या हाताला बिनतारी यंत्राची खोली आणि मध्ये एक बाक, ज्याच्या एका पायाखाली कायम घडी केलेला पुठ्ठा असे. माझ्यावर तीन रकाने होते : मंजूर, हजर, रिक्त. त्यांच्या खाली त्या दिवशी कामावर असलेल्या शिपायांचे पट्ट्यावरचे क्रमांक लिहीत. ठाण्यात त्याला बक्कल नंबर म्हणतात.

पहिली काही वर्षे बरी गेली. तेव्हाचा म्हातारा कारकून अक्षराने गचाळ, पण स्वभावाने सरळ होता. मंजूर एकेचाळीस, हजर सतरा, असे तो बिनदिक्कत लिही. लोक आत येत, सतरा हा आकडा बघत आणि उसासा टाकून बाकावर बसत. त्यांना निदान किती वेळ थांबावे लागेल याचा अंदाज येई.

मग नागरिक देखरेख समिती आली. पोलिसांवर सामान्य माणसांची नजर असावी, हा विचार चांगला होता. चांगल्या विचाराची माती कशी करतात, ते मला जवळून बघायला मिळाले. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त बँक व्यवस्थापक. त्यांनी ठरवले, की दर ठाण्याने रोज सकाळी दहा वाजता आपल्या फळ्याचा फोटो समितीला पाठवायचा आणि फळ्याखाली ठाणे अंमलदाराने सही करायची. ज्या ठाण्यात हजेरी जास्त, ते ठाणे चांगले. घरबसल्या देखरेख! उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते यापेक्षा वेगळे नसते.

तोवर म्हातारा कारकून निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी नवा आला होता. याचे अक्षर मोत्यासारखे. डोकेही तसेच गुळगुळीत. ठाण्याच्या साहेबांनी त्याला विचारले, “सतरा कसं पाठवायचं? वर काय तोंड दाखवू?”

“साहेब, बंगल्यावर गेलेली माणसं आपल्याच पटावर आहेत ना? मग हजर.”

“आणि रजेवरची?”

“रजा संपली की येणारच आहेत. हजर.”

“बदलून गेलेल्यांच्या जागी अजून कोणी आलं नाहीये.”

“येतील ना कधीतरी. तोपर्यंत जुने नंबर राहू द्या. खडूला काय, सतरा लिहिलं काय आणि अडतीस लिहिलं काय.”

खडूला काही नव्हते, पण मला होते. मला विचारतो कोण? त्या दिवसापासून मी रोज अडतीस झालो. वरच्या साहेबांच्या बंगल्यावर बागेला पाणी घालणारे नऊजण माझ्यावर हजर होते. त्यांच्या कुत्र्याला फिरवून आणणारा शिपाई हजर होता. प्रत्यक्षात खोलीत कधी आठ, कधी पाच माणसे असत. अकरा वर्षांत साहेब चार बदलले, पण आकडा तोच राहिला. प्रत्येक नवा साहेब तो वारसा म्हणून घेई.

फळ्याखाली सही करणाऱ्या हवालदार बाईंना सगळे मावशी म्हणत. कारकून रोज एक कोरी पट्टी सोडे आणि मावशी त्यावर नाव लिहीत. संध्याकाळी ओल्या फडक्याने मला पुसतही त्याच. पुसताना कधीकधी पुटपुटत, “बघ बाबा, काय काय वागवतोस अंगावर.” बाई कामाची पक्की. तक्रार लिहून घेणे, फोन उचलणे, कोठडीतल्याला पाणी देणे, रडणाऱ्याला गप्प करणे, तिघांचे काम एकटी ओढायची. पण सही करताना तिचा हात एकदाही थांबला नाही. म्हणून तिरस्काराच्या यादीतून मी तिलाही पूर्ण सोडत नाही.

त्यानंतर एक संशोधक आला. गळ्यात ओळखपत्र, काखेत जाड वही. विषय होता ‘पोलिसांचे संख्याबळ आणि मदत पोहोचायला लागणारा वेळ’. तीन दिवस तो माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला. माझ्यावरचे आकडे उतरवून घेतले, तक्ते आखले, चहा घेतला. मावशी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने लिहीत होत्या, ते त्याच्या पाठीमागे चालले होते. मान वळवली असती तर दिसले असते. त्याने मान वळवली नाही. पुढे त्याचा अहवाल आला : या ठाण्यात हजेरी शेकडा त्र्याण्णव, तरी मदत उशिरा पोहोचते, म्हणजे दोष कर्मचाऱ्यांच्या वृत्तीत आहे. उपाय म्हणून चांगल्या वागणुकीचे प्रशिक्षण सुचवले. त्या प्रशिक्षणाला ठाण्यातून चारजण गेले आणि तीन दिवस उरलेल्या तिघांनी ठाणे चालवले.

आता जे सांगतो ते नीट ऐका.

समितीच्या तिमाही भेटीचा आदला दिवस होता; त्या संध्याकाळी मला पुसत नसत. दुपारचे तीन वाजले होते. साहेब बंगल्यावर बैठकीला गेले होते. ठाण्यात चौघे : टेबलावर मावशी, कोठडीवरचा पहारेकरी, बिनतारी खोलीतला शिपाई आणि माझ्यासमोर स्टुलावर चढून रंगीत खडूने वेलबुट्टी काढणारा कारकून. फोन वाजला. ठाण्यापासून दोनच गल्ल्या सोडून एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. घराच्या कागदांसाठी त्यांचा पुतण्या दारावर धडका मारत होता.

मावशी म्हणाल्या, “बाई, आतून कडी घाला. माणूस पाठवते.”

पाठवणार कोणाला? पहारेकऱ्याने कोठडी सोडायची नाही, बिनतारीवाल्याने यंत्र सोडायचे नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मावशींनी शेजारच्या चौकीला फोन लावला. तिथे कोणी उचलला नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी बाईंचा दुसरा फोन आला. आता मावशींनी कारकुनाकडे पाहिले.

“तुम्ही तरी जा हो. अंगावर खाकी आहे ना? नुसतं दारात उभं राहा, तो पळून जाईल.”

“अर्धा फळा असाच टाकून? उद्या समिती आहे, कल्पना आहे ना?”

“बाई एकट्या आहेत तिथं!”

“मग तुम्ही जा. मी टेबल सांभाळतो.”

मावशी उठल्या. पण कारकुनाला तक्रार नोंदवण्याचा अधिकार नव्हता आणि नेमका तेव्हाच हाताला रक्ताळलेले फडके गुंडाळलेला एकजण दारात आला. मावशी परत बसल्या. पावणेचारला तिसरा फोन आला. त्यात बोलणे नव्हतेच, नुसता लाकूड फुटल्याचा आवाज होता. मावशींनी सगळे टाकले आणि धावत सुटल्या. पोहोचल्या तेव्हा पुतण्या कागद घेऊन गेला होता आणि बाई उंबऱ्यात पडल्या होत्या. उजवा हात खांद्यापासून मोडला होता.

कारकून तेव्हा ‘हजर ३८’ मधल्या आठाला सावली देत होता. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

बाईंनी समितीकडे तक्रार केली : तीनदा फोन करूनही ठाणे अंमलदार बाईंनी माणूस पाठवला नाही. त्या दिवशीचा माझा फोटो समितीकडे होताच. अडतीस हजर, खाली मावशींची सही. सोबत संशोधकाचा अहवाल. प्रकरण सरळ होते. मावशींना नोकरीवरून काढायचे, एवढेच उरले होते. सत्तावीस वर्षांची नोकरी, घरात अंथरुणाला खिळलेला नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी पूर्ण झाली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब मावशींच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “फळा खोटा होता असं म्हणायची इच्छा होईल तुम्हाला. पण मग पुढचा प्रश्न येईल, खाली सही कोणाची?”

मावशींनी वाजणारा फोन उचलला. त्या संध्याकाळी त्यांनी मला पुसले, तेव्हा सहीची पट्टी त्या पुन्हा पुन्हा घासत राहिल्या. मला त्यांचा राग होता, तरी त्या दिवशी माझ्याच्याने तो धरवला नाही.

सुनावणी ठाण्यातच झाली, कारण संबंधित ठाण्यातच सुनावणी घ्यायची असा समितीचा नियम. पाच खुर्च्या मांडल्या. साहेबांनी होती नव्हती तेवढी माणसे गोळा करून भिंतीला उभी केली, अगदी गाडीच्या चालकालासुद्धा. बंगल्यावरून माणसे परत मागायची छाती त्यांची नव्हती. मी नेहमीप्रमाणे नटूनथटून टांगलेला : अडतीस हजर.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “अडतीस माणसं हजर असताना एक पाठवता आला नाही? यावर काही म्हणायचंय?”

मावशींनी माझ्याखालच्या आपल्याच सहीकडे पाहिले. संशोधक म्हणाला, “वृत्तीचाच प्रश्न आहे, सर.” त्यालाही बोलावले होते.

अध्यक्ष शिक्षा सांगायला लागणार, तेवढ्यात तक्रार करणाऱ्या शिक्षिका बाई उठल्या. हात गळ्यात बांधलेला, उंची जेमतेम पाच फूट. त्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा माणसांकडे.

“अध्यक्ष महाराज, मी छत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. इथं एकदा घेऊ का?”

अध्यक्षांना गंमत वाटली. “घ्या की.”

बाईंनी माझ्यावरचा पहिला नंबर वाचला. “एकशे चार.”

“हजर,” पहारेकरी म्हणाला.

“एकशे नऊ.”

कोणीच बोलले नाही.

“एकशे नऊ कुठं आहेत?”

“बंगल्यावर,” चालक सवयीने बोलून गेला आणि साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

“म्हणजे गैरहजर. एकशे बारा?” शांतता. “एकशे तेरा?” शांतता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी मनगट खाली घेतले. एकेक नंबर वाचला जात होता आणि बराच वेळ कोणी ‘हजर’ म्हणतच नव्हते. कारकून दाराकडे सरकायला लागला. “जागेवर,” बाई म्हणाल्या आणि तो जागेवर थांबला.

“दोनशे बारा?”

“बाई,” मावशी मध्येच म्हणाल्या, “ते वारले. सव्वा वर्ष झालं. बंदोबस्तात उभ्या उभ्या गेले.”

सव्वा वर्ष तो गृहस्थ माझ्यावर रोज हजर होता. जिवंतपणी त्याला एकही खाडा न करता इतकी नोकरी कधी जमली नव्हती. मला हसू आले नाही. त्याचा नंबर यादीतून गाळायला लागणारा वेळसुद्धा या लोकांनी त्याला दिला नव्हता.

बाईंनी यादी संपवली. अडतीसांत नऊजणांनी ‘हजर’ म्हटले होते.

मावशी पुढे झाल्या. “खाली सही माझी आहे. रोज मीच केली. खोटं आहे हे ठाऊक असून केली.”

“त्याची शिक्षा तुम्हाला होऊ दे,” बाई म्हणाल्या. “ती झालीच पाहिजे. पण माणूस न पाठवल्याची नको. माणूस नव्हताच.” मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. “माझी तक्रार मी मागे घेत नाही. फक्त कोणाविरुद्ध ते बदलून घ्या. आणि तुमचंही नाव घाला. अकरा वर्षांत तुम्ही कितीदा आलात इथं?”

“दर तिमाहीला,” अध्यक्ष पुटपुटले.

“आणि एकदाही मोजलं नाहीत?”

अध्यक्ष पुन्हा चष्मा पुसायला लागले. संशोधक वहीत काहीतरी लिहीत होता. माझी खात्री आहे, की तो नऊ हा आकडा लिहीत होता आणि त्यावर नवा अहवाल बेतत होता.

निकाल लागला. मावशींची नोकरी वाचली. खोट्या सहीबद्दल एक पगारवाढ गेली, ती त्यांनी मुकाट सोसली. कारकून आणि साहेब बदलून गेले. साहेब आता प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरांना प्रामाणिकपणा शिकवतात असे ऐकतो. आणि समितीने सगळ्यांत कडक कारवाई कोणावर केली म्हणता? माझ्यावर. ‘दिशाभूल करणारा फळा तात्काळ काढून टाकावा’. मी इतका दिशाभूल करणारा होतो, तर मला वाचायला येणारे काय डोळे घरी ठेवून येत होते?

आता मी जप्त केलेल्या सायकलींच्या मागे भिंतीला टेकून आहे. माझ्या जागी चकचकीत पडदा लावला आहे. त्यावर आकडे आपोआप उमटतात. मंजूर एकेचाळीस, हजर एकेचाळीस. मावशी परवा गोदामात आल्या होत्या. त्यांच्याकडून कळले, की बाईंचा हात बरा झाला, पण तो खांद्याच्या वर जात नाही. शाळेत त्या अजूनही कधीमधी शिकवायला जात असत. आता फळ्यावर लिहिता येत नाही म्हणून बंद केले. हे ऐकले आणि इतकी वर्षे साठवलेला तुच्छभाव माझ्या काही कामाला आला नाही. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, अशी कहाणी संपवताना जुन्या वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी घेऊ नका. मला वाळवी लागली तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण मोठे झालात आणि कुठल्या समितीवर बसलात, किंवा जाड वही घेऊन अभ्यासाला निघालात, तर भिंतीवरचा आकडा उतरवून घेण्याआधी मान वळवा आणि खोलीतली माणसे मोजा. अकरा वर्षांत इतक्या पदवीधरांना ते जमले नाही. तुम्हाला एक ते चाळीस येतात ना? मग तुम्हाला जमेल.