कढत राखेतलं बी

शालूनं गेल्या ज्येष्ठात एक घोळ करून ठेवला होता आणि तो कुणालाही सांगितला नव्हता. सांगणार तरी कुणाला? खडकवासल्याच्या अलीकडं वीस गुंठ्यांचं रान, चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या सोसायट्या, आणि घरात तुळजाबाईंसारखी सासू! दुकानातलं खत या बाईनं कधी बांधावर येऊ दिलं नाही, की बियाण्याचं पाकीट घरात.

काकडीचं बी तुळजाबाई राखेत कालवून मडक्यात भरायच्या आणि तोंड शेणामातीनं लिंपायच्या. राख चुलीतलीच, पण आदल्या दिवशीची, पार गार झालेली. शालू पुण्यातल्या बिबवेवाडीची, गॅसवर वाढलेली. गेल्या वर्षी हे काम तिच्याकडं आलं. पाहुणे यायचे होते, घाई होती. राख वरून गार दिसली आणि हिनं भरली. लिंपताना मडकं हाताला कढत लागलं. तेव्हाच उपसलं असतं तर? पण सासूबाई दारातून बघत होत्या, आणि शालूनं मडकं तसंच लिंपून टाकलं.

आता होळी झाली. तुळजाबाईंनी आळी खणून शेणखत, पालापाचोळा घालून ठेवला आणि सकाळी म्हणाल्या, "शालू, मडकं फोड. उगवण बघू."

शालूनं मडकं फोडून राख पाखडली. बी दिसायला झकास, पांढरंशुभ्र. तुळजाबाईंनी वीस बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी काकडीचं बी तोंड उघडतं. बघायचं काम शालूवर; ती येताजाता पुरचुंडी सोडून बघे. दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. एकही बी हललं नव्हतं.

चौथ्या दिवशी माहेरचं निमित्त काढून ती बसनं शहरात गेली आणि बियाण्याचं पाकीट घेऊन आली. गुपचूप अदलाबदल करावी म्हणून फोडलं, तर आतल्या बिया औषध लावलेल्या, गुलाबी! आता काय कपाळ फोडायचं? पाकीट मुठीत धरून ती गोठ्यामागं रडत बसली, आणि तुळजाबाई नेमक्या तिथंच आल्या.

"काय गं? कोण मेलं?"

"आत्याबाई, राख कढत होती," शालू एका दमात बोलून गेली. "सगळं बी मीच भाजलं."

आता फोडून काढणार, असं वाटून तिनं डोळे मिटले. डोळे उघडले तर तुळजाबाई मातीत बसलेल्या, चेहरा राखेगत.

"माज्या आईनं पदरात बांधून दिलं हुतं," त्या पुटपुटल्या. "माहेरी आता कुनी उरलं न्हाई. हे बी दुसरीकडं कुटंच न्हाई, शालू."

सासू घाबरलेली शालूनं कधी पाहिली नव्हती. शिव्या परवडल्या असत्या.

दोघींनी उरलेलं सगळं बी ओल्या गोणपाटावर पसरलं. तीन दिवस दोघी जेवल्या न जेवल्यासारख्याच. चौथ्या सकाळी शालू किंचाळली. शेकडो बियांमध्ये एकाच बीनं तोंड उघडलं होतं. मडक्याच्या गळ्याशी राहिलेलं, धग कमी लागलेलं असावं. तांदळाएवढा पांढरा कोंब.

तुळजाबाईंनी हात पुढं केला. मग तसाच मागं घेऊन पदराला पुसला.

"तू उचल. माज्यानं मोडंल."

"मी? अहो, मीच तर..."

"म्हनूनच. तू आज सांडायची न्हाईस."

ओंजळीत ते बी घेऊन शालू आळ्यापर्यंत गेली. श्वास घ्यायचंही तिला भान नव्हतं. बोटानं खळगी केली, बी ठेवलं, भुसभुशीत माती लोटली, चार थेंब पाणी शिंपडलं. वर एक मुंगी आली, तीही तिनं जपून उचलून लांब सोडली. मग उठायला गेली, तर तुळजाबाईंनी तिचा पदर धरला.

"बस हितंच," त्या म्हणाल्या. "इतके दिस एकटीच भ्यालीस. आता दोगी मिळून भिऊ."