‘येतो’चं बटण

राजीनामा देऊन तीन महिने होत आले तरी कंपनी मला सोडायचं नाव घेत नव्हती. “जयमालाताई, नवीन सिस्टिम चालली की तुम्ही मोकळ्या,” असं आमचे प्लांट हेड दादासाहेब दर सोमवारी म्हणायचे. आज तिची शेवटची चाचणी होती. पास झाली तर संध्याकाळी रिलीव्हिंगचा कागद माझ्या हातात, नापास झाली तर पुन्हा तेच रडगाणं.

मी थकले होते, खोटं कशाला बोलू? ताथवड्याहून चाकणला रोजची बस, निघोज्याच्या वळणावरचा तो ट्रॅफिक, मान आखडलेली, आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालून स्क्रीनसमोर बसायचं. या प्लांटचा हजेरीचा प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिला आणि पुढची सगळी वर्षं तो रुसू नये म्हणून त्याचीच मनधरणी करत बसले. दिवाळीला फोन. सख्ख्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना फोन. मॅडम, चालत नाही. अरे, चालत नाही तर ढकला की!

नवीन सिस्टिम बसवायला प्रज्वल नावाचा मुलगा आला होता. हुशार, नम्र, कानात कायम ते इअरफोनचं पांढरं बोंडूक. गेटवरचे जुने स्क्रीन तसेच ठेवायचे आणि मागचं सगळं डोकं बदलायचं, असा त्याचा बेत. सकाळी पहिली शिफ्ट आत आली, सगळं झकास. दादासाहेबांनी पेढेसुद्धा मागवले.

दुपारी शिफ्ट सुटली आणि बोंब झाली. पहिल्या शिफ्टचे लोक बाहेर पडत होते आणि स्क्रीनवरचा आतल्या माणसांचा आकडा वाढत होता! जो बाहेर जाईल तो दुसऱ्यांदा आत आल्याचं दिसायचं. शेवटी सिस्टिमनं प्लांट भरला म्हणून जाहीर केलं आणि गेट लॉक केलं. दुसरी शिफ्ट बाहेर उन्हात उभी राहून शिव्या घालायला लागली.

“हे काय चाललंय? एवढी माणसं आमच्या गावच्या जत्रेला नसतात!” दादासाहेब ओरडले.

“सर, जुन्या कोडमध्येच घोळ दिसतोय,” प्रज्वल म्हणाला.

घोळ! माझ्या तोंडावर! माझं डोकंच फिरलं. “सरक बाजूला,” म्हटलं आणि त्याच्या खुर्चीत बसले. जुन्या बटणांचे नव्या सिस्टिमला कळतील असे अर्थ त्यानं कॉम्प्युटरकडूनच लावून घेतले होते. ‘आलो’ म्हणजे आत. आणि खाली ‘येतो’, म्हणजेही आत.

मला हसू फुटलं. इतकं, की दादासाहेब माझ्याकडे संशयानं बघायला लागले.

प्रोग्रॅम नवा होता तेव्हा त्या बटणावर मी ‘बाहेर’ लिहिलं होतं. निघोज्याचे भैरूभाऊ तेव्हा प्रेस शॉपला होते. त्यांनी बोट लावायलाच नकार दिला. “बाहेर व्हा म्हंतंय का मला? मी काय चोरी केली?” मग ‘जातो’ केलं, तर ते आणखी भडकले. “ताई, भरल्या शिफ्टला जातो म्हणू? आमच्यात तसं म्हणत न्हाईत.” बरोबरच होतं त्यांचं. मशीनवर काम करणाऱ्या माणसानं असलं अभद्र रोज का दाबावं? म्हणून ‘येतो’. पुढे बायका कामाला आल्या तेव्हा ‘येते’ही केलं.

“प्रज्वल, सकाळी घरातून निघताना आईला काय म्हणतोस?”

“म्हणजे? येतो म्हणतो.”

“मग आत येतोस का बाहेर पडतोस?”

त्यानं कपाळावर हात मारला. “आई शप्पथ, मॅडम!”

त्या दोन बटणांचा अर्थ बदलला, आकडा उतरला, गेट उघडलं. दुसरी शिफ्ट आरडाओरडा करत आत आली. दादासाहेबांनी प्रज्वलच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला म्हणाले, “हे असलं काही आणखी असेल तर आजच विचारून घे यांना.” त्यानं विचारलं, मी सांगितलं. चहा निवायच्या आत आमचं संपलंसुद्धा. माझ्या इतक्या वर्षांत सांगण्यासारखं एवढंच होतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग दादासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी मनाशी तयारीच करून गेले. आता हा माणूस म्हणणार, ताई, बघा, तुमच्याशिवाय होत नाही, वर्षभर थांबा. आणि मी सांगणार, नाही जमायचं साहेब. बसमध्ये कितीदा तरी घोकलं होतं मी ते.

त्यांनी कागदावर सही केली. “झालं तुमच्या मनासारखं. आयकार्ड एचआरला द्यायला विसरू नका,” म्हणाले आणि फोन उचलला.

मला सुटायचंच होतं, मीच मागे लागले होते. तरीही जिन्यात हुंदका आला, आणि आला म्हणून स्वतःचाच इतका राग आला की विचारू नका. एकदा तरी विचारायचं होतं मेल्यानं. मी नाहीच म्हणणार होते.

बाहेर बाकावर भैरूभाऊ घरी जायच्या बसची वाट बघत बसले होते. त्यांची रिटायरमेंटही जवळ आली होती. सरकून त्यांनी मला जागा दिली.

“काय म्हणलं सायेब?”

“थांबा म्हणाले. अजून एक वर्ष. अगदी गयावया करत होते.”

“मंग?”

“मी सरळ सांगितलं, नाही जमायचं.”

भैरूभाऊंचा चेहरा असा खुलला, जसं काही त्यांनीच साहेबाला सुनावलं होतं. “बेस केलं, ताई! कळू द्या त्यास्नी. मला बी इचारतीलच की आता. मी बी न्हाईच म्हणणार हाय.”

“म्हणा,” मी म्हटलं, आणि रस्त्याकडे तोंड फिरवून बस बघायला लागले.