ऊब देणारी भिंत

जेवणाची सुट्टी झाली की आमच्या शिलाई कारखान्यात एका भिंतीपाशी रांग लागायची. कुणी मान टेकवायचं, कुणी गुडघा. कटिंग मास्तर तर शर्ट वर करून पाठच टेकवायचे. भिंत कोमट होती, आणि ती ऊब म्हणे दुखणी पळवत होती. माझी थोरली बहीण त्या भिंतीलगतच्या मशीनवर बसायची. "खांदा कसा हलका झालाय बघ," ती मला ऐकवायची. मी स्टोअरकीपर, माझ्या शंकांना कोण विचारतो?

या चमत्काराचे जनक म्हणजे मालकांच्या विश्वासातले एक 'ऊर्जागुरू'. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी त्याच वायरिंगवर वीस मशीनं वाढवली, तेव्हा जुना ब्रेकर दिवसातून चारदा ट्रिप होऊन वीज तोडू लागला. मालकांनी इलेक्ट्रिशियन सोडून गुरूंना बोलावलं. गुरूंनी सगळ्यांना बाहेर काढलं, ब्रेकरच्या पेटीत हात घालून पाऊण तास 'ध्यान' केलं, आणि ब्रेकर जो शांत झाला तो झालाच.

"नवे ब्रेकर भित्रे. खुट्ट झालं की पडतात," गुरू सांगायचे. "हा तपस्वी आहे. याची ऊर्जा भिंतीतून तुमच्या हाडांत उतरते."

मग विम्याच्या तपासणीसाठी एक इंजिनिअर बाई आल्या. मालकांनी गुरूंनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी भिंतीला हात लावला आणि विचारलं, "हिच्याआड केबल आहे ना? आधी सप्लाय बंद करा."

त्यांनी ब्रेकर सोडवून आपल्या यंत्राला जोडला. "केबलमध्ये बिघाड झाला की जेवढा करंट उसळतो, तेवढा यातून सोडते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हा ट्रिप व्हायला हवा."

एक सेकंद. दोन. पाच. ब्रेकर ढिम्म.

"पाहिलंत? ढळला नाही!" गुरू गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या बहिणीनेही वाजवल्या.

"वाजवा," बाई यंत्र बंद करत म्हणाल्या. "एवढ्यात तुमची केबल पेटली असती."

ब्रेकर उघडून त्यांनी चिमट्याने लाकडाची एक पाचर बाहेर काढली. ब्रेकर पाडणारी दांडी तिने अडवली होती.

"ती मंतरलेली आहे," गुरू पुटपुटले.

"असेल. जागा मात्र अगदी मेकॅनिकने निवडावी तशी निवडलीत."

"पाचर निघाली ना? मग झालं!" मालकांना मशीनं सुरू करायची घाई.

बाईंनी पुन्हा करंट सोडला. ब्रेकर पडला, पण चार सेकंदांनी. "आतलं वंगण वाळून दगड झालंय. तुमच्या केबलला एक सेकंदही झेपणार नाही. जुना ब्रेकर चालू आहे एवढं पाहून भागत नाही. केबल जळायच्या आत तो वीज तोडतो का, ते तपासावं लागतं."

मग त्यांनी भिंतीवरचं झाकण काढलं. वीस जादा मशीनांच्या भाराने तापून केबलचं आवरण करपून तडकलं होतं, एका जागी तांबं उघडं पडलं होतं. तिथून बहिणीची खुर्ची हातभर लांब, आणि खुर्चीखाली चिंध्यांचा ढीग.

"गुरुजी, सप्लाय चालू करते. तांब्यावर हात ठेवून ऊर्जा शांत करता?" बाईंनी विचारलं. गुरूंना अचानक दुसऱ्या गावचं काम आठवलं.

बहीण त्या काळ्या केबलकडे बघत खाली बसली. "आणि मी इथे खांदा शेकत होते रे," ती म्हणाली. मला भयंकर राग आला. गुरूंचा आलाच, पण आठ महिने गप्प बसलेल्या माझाही.

आता ब्रेकर नवा आहे, केबल जाड आहे, भिंत गार आहे. बहिणीचा खांदा दुखतो, तेव्हा ती डॉक्टरकडे जाते. तुमच्याकडेही कधीच न पडणारा एखादा तपस्वी असेल, तर त्याला हात जोडू नका, तपासून घ्या. माझी बहीण रोज संध्याकाळी घरी येते ती कुणाच्या कृपेने नाही; एका बाईने घड्याळ लावून सेकंद मोजले म्हणून येते.