चार पेडी वेणी

"मशीन खाली ठेवा फुलाबाई," मानसिंगदादा दारातूनच म्हणाले. "पोरगी येईल बाहीर. मग बघू."

फुलाबाई आमच्या बालगृहातल्या मावशी. केस कापायचं मशीन हातात घेऊन त्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. खाटेखाली, भिंतीला पाठ टेकून, सात वर्षांची प्रेरणा बसली होती. वेणी पुढे ओढून तिनं दोन्ही मुठींत आवळून धरली होती.

मशीन लावा असं मीच सांगितलं होतं. भोरमधल्या या बालगृहाची मी अधीक्षक. बत्तीस मुलं, सगळी दहा वर्षांच्या आतली. प्रेरणाला येऊन चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत तिनं कुणालाही डोक्याला हात लावू दिला नव्हता. केसांत उवा झाल्या होत्या, मानेवर जखमा होत्या. जखमा चिघळायच्या आत केस काढून टाका, असं डॉक्टर आदल्या दिवशी बजावून गेले होते. शिवाय दुपारी पाहुणे येणार होते.

मानसिंगदादांचं मार्गासनीला केशकर्तनालय आहे. सोमवारी दुकान बंद, म्हणून महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ते नसरापूरला एसटी बदलून आमच्याकडे येतात आणि सगळ्या मुलांचे केस कापतात. सहा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. प्रत्येक मुलाला समोर बसवलं की आधी विचारतात, "कसं कापू?" कुणी सांगतं कानावर थोडे ठेवा, कुणी सांगतं पुढून तुरा काढा. एकदा एका पोरानं "आत्ता नकोच" म्हटलं, तर त्यांनी त्याला हसून उठू दिलं. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. सगळ्यांना सारखं मशीन फिरवलं तर काम दोन तासांत आटोपलं असतं.

दादा फरशीवर बसले. खाटेपासून चांगले चार हात लांब.

"कुणी घातली गं वेणी?"

खाटेखालून आवाज आला, "आईनं."

"कवा?"

"गवताला जाताना."

फुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कागदपत्रांत सगळं होतंच. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. अठरा दिवसांपूर्वी गुंजवण्याच्या वरच्या वाडीत, बांधावर गवत कापताना, हिच्या आईला पान लागलं. साप चावला तर आमच्याकडे तसंच म्हणतात. दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. हे सगळं मी वाचलं होतं, खाली सही केली होती, सकाळी दादांनाही सांगितलं होतं. पण त्या सकाळी घराबाहेर पडण्याआधी तिनं लेकीची वेणी घातली होती, हे कुठल्या कागदावर असणार?

"लई घट घातलीया," दादा म्हणाले. "अठरा दिस झालं, पेड हालला न्हाई. हात चांगला हाय तुझ्या आईचा. आन चार पेडाची दिसतीय. तीन पेडाची समद्यांना येती. ही मला न्हाई येत."

प्रेरणानं मान किंचित पुढे काढली.

"मला शिकायचीय," दादा म्हणाले. "पर शिकायची तर सोडून बघाय लागंल. कुठला पेड वरनं जातो, कुठला खालनं. एकदा कळली की पुन्यांदा घालता येती. रोज घालता येती. न सोडता ठिवली तर आपोआप सुटून जाईल, आन कशी घातली हुती ते कुणालाच ठावं ऱ्हायचं न्हाई."

"कापणार न्हाई?"

"तू सांगितल्याबिगर न्हाई."

ती बाहेर आली.

दादांनी फुलाबाईंकडून चार रंगांची लोकर आणि विणायची सुई मागून घेतली. चारही धागे खाटेच्या पायाला बांधले. मग प्रेरणाच्या मागे बसून त्यांनी खालची रिबीन सोडली आणि मला म्हणाले, "शैलजाताई, वाटीभर तेल द्या."

पुढे जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. पेडांच्या आत केसांचा पार गठ्ठा झाला होता. दादा विणायच्या सुईच्या टोकानं एकेक केस सुटा करत होते. एक वळसा सुटला की थांबायचे, तो कसा आला होता ते बघायचे आणि लोकरीच्या धाग्यांवर तसाच वळसा घालून खुणेची गाठ मारायचे. मग पुढचा. "ह्यो तांबडा निळ्याच्या खालनं आला. बघितलंस?" प्रेरणा मान हलवायची. जखमेपाशी केस ओढला गेला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हलत नव्हती. दादा तिथं फुंकर घालायचे आणि ती "हूं" म्हणेपर्यंत सुई पुन्हा उचलायचे नाहीत.

बाकीची एकतीस मुलं हळूहळू खोलीत येऊन बसली. त्या दिवशी त्यांचे केस कापले जाणार नव्हते. एकानंही कुरकुर केली नाही.

बाराला शरच्चंद्रकाका आले. भोरमधले निवृत्त अधिकारी. पत्नीच्या स्मरणार्थ दर वर्षी ते मुलांना गोडाचं जेवण देतात आणि जेवणाआधी छोटंसं भाषण करतात. जगात कोट्यवधी मुलं पोरकी आहेत, युद्धांनी, रोगांनी, भुकेनं, असं ते कळवळून सांगतात. त्या दिवशीही कागद खिशात होता. ते दारात उभे राहिले. मी पुटपुटले, "काका, जरा उशीर होतोय." त्यांनी मला हातानंच थांबवलं, चपला काढल्या आणि आत येऊन बसले. थोड्या वेळानं पाहते तर तेलाची वाटी त्यांच्या हातात होती. कागद खिशातून बाहेर आलाच नाही.

तीन वाजता शेवटचा वळसा सुटला. फुलाबाईंनी केस धुतले, फणीनं उवा काढल्या, जखमांना मलम लावलं. केस कमरेपर्यंत आले. मग दादांनी लोकरीकडे बघत बघत चार पेड घेतले. दोनदा चुकले.

"आसं न्हाई," प्रेरणा म्हणाली. "खालनं घ्या."

"तूच घाल मग."

तिनं केस खांद्यावरून पुढे घेतले आणि हळूहळू घातली. वाकडी झाली, सैल झाली, पण चार पेडांची झाली.

चहा पिताना शरच्चंद्रकाका म्हणाले, "मानसिंग, तुमचा जाहीर सत्कार करायला हवा."

"नगं काका." दादा बशीकडे बघत राहिले. "म्याबी आसल्याच आश्रमात वाढलो. महिन्याला एका वळीत बसवून समद्यांचं टक्कल करायचे. माया करीत न्हवते आसं न्हाई, खायला घालत हुते. पर एकदा आरशात बघितलं तर दहा डोकी सारखी. त्यातला म्या कुठला ते पटकन कळंना. आठ वर्साचा हुतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "द्यायचंच आसंल तर पोरांच्या उंचीला एक आरसा लावा. हितला आरसा मोठ्या माणसांचा हाय."

मी वळून पाहिलं. आरसा माझ्या तोंडासमोर होता. सहा वर्षं मी त्यात रोज स्वतःला बघत होते.

काकांनी आठवड्याच्या आत आरसा बसवून घेतला, स्वतः उकिडवं बसून उंची ठरवली.

दिवाळीनंतरच्या महिन्यात, शेवटच्या सोमवारी, प्रेरणाची आजी आली. ठकुबाई, आईची आई. दम्यानं खंगलेली, नातीला सांभाळता येत नाही म्हणून शरमेनं इतके दिवस फिरकली नव्हती. पदराच्या टोकाला नव्या तांदळाची पुरचुंडी बांधून आणली होती. ती ओसरीच्या पायरीवर टेकली. दादा अंगणात एका पोराचे केस कापत होते.

"आज्जे, डोईवरचा पदर काढ," प्रेरणा म्हणाली आणि तिच्या मागे वरच्या पायरीवर बसली.

म्हातारीचे केस ते किती, मूठभर पांढरे. प्रेरणानं त्यांचे चार भाग केले आणि बोटं चालू लागली. सराईत, झरझर. पहिला वळसा पडला तशी ठकुबाई ताठ झाली. लहानपणी लेकीच्या बोटांना हे वळसे तिनंच शिकवले असणार.

तिची पाठ नातीकडे होती. तोंड फक्त आम्हाला दिसत होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण खांदे तिनं हलू दिले नाहीत.

दादांनी मशीन बंद केलं. समोरचं पोरगं वळून बघायला लागलं, तेव्हा त्यांनी हलकेच त्याची मान पुन्हा सरळ केली आणि स्वतःही दुसरीकडे बघत उभे राहिले.

"आज्जे, हलू नगंस," मागून प्रेरणा म्हणाली.

"न्हाई बाळा," ठकुबाई म्हणाली. "तुजं चालू दे."